जित्या जनावरांचा डॉक्टर

पशुवैद्यकीय कॉलेजला नंबर लागल्याचं कळलं तेव्हा आईनं साखर वाटली आणि दादांनी अट घातली. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा बोलतात कमी, आणि बोलले की त्यात बदल करायची सोय नसते. सायकलच्या चेनला तेल देता देता, माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "कालेजात काय फाडायचं त्ये फाड. शिकायचं म्हनल्यावर फाडावंच लागनार. पर हितं, आपल्या भागात, मेलेल्या जनावराला हात लावायचा न्हाई. जित्या जनावरांचा डॉक्टर हो."

मी हो म्हणालो. तेव्हा हो म्हणायला माझं काय जात होतं?

ही अट कुठून आली ते आमच्या वस्तीवर कुणाला सांगावं लागत नाही, पण इथं सांगतो. माझ्या आजोबांच्या काळापर्यंत गावात कुणाचंही जनावर मेलं की ते ओढून नेणं आमच्या लोकांच्या माथी होतं. सांगावा आला की उठायचं, जेवत असलं तरी. छप्पन साली लोकांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि त्यानंतर आमच्या वस्तीनं या कामाला नाही म्हटलं. मग गावानं रोजगार बंद केला, दुकानदारानं सामान देणं बंद केलं. वस्ती हटली नाही. दादा तेव्हा शाळकरी होते. पोटाला चिमटा काढणं म्हणजे काय ते त्यांनी त्या वयात बघितलं. त्यामुळे या अटीवर वाद घालायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. माझीही नव्हती, आणि मी एरवी आमटीतल्या मिठावरूनसुद्धा भांडणारा माणूस आहे.

मी परभणीला शिकत होतो. नव्वदीचं दशक अर्धंअधिक सरलेलं. शेवटच्या वर्षी आम्हाला एक आठवडा खेड्यातल्या दवाखान्यात काढायचा होता. मी घोडेगावच्या बाजूचा दवाखाना मागून घेतला, कारण तिथून आमचं गाव सायकलच्या टप्प्यात. अनुभव वगैरे ठीक आहे, पण मेसचं जेवण चुकवून आठवडाभर आईच्या हातचं खावं हा खरा हेतू होता.

दवाखान्याचे डॉक्टर पारनेरकडचे, कोरडवाहू भागात वाढलेले. कालव्याचं पाणी, ऊस, जनावरांचा हिरवा घास असलं काही दिसलं की त्यांच्या जिभेला धार चढायची. "या लोकांना पाऊस लागतोच कशाला?" असं म्हणत ते मळ्यात शिरत आणि निघताना दुसरा चहा आनंदानं घेत. मोटारसायकलवर त्यांच्या मागं, मांडीवर औषधांची पेटी घेऊन मी बसायचो. खड्डा आला की पेटी माझ्या हनुवटीला लागायची. त्याचंही त्यांना हसू यायचं.

सोमवारी पहिलीच व्हिजिट आमच्या गावाच्या शिवारात निघाली. मळा मोठा होता. मालक पन्नाशीतला, धोतर-टोपीचा, आवाजानं दणकट माणूस. मळ्यात नव्या घराचं बांधकाम चाललेलं, स्लॅब नुकताच पडलेला. गोठ्यात एक काळी-पांढरी संकरित गाय होती. आमच्याकडे असल्या सगळ्या गाईंना सरसकट जर्शीच म्हणतात. ती मान लांबवून, पुढचे पाय फाकवून उभी होती. गळ्याखालची कातडीची पोळी सुजून लोंबत होती. डॉक्टरांनी तिच्या पाठीवर चिमटा घेऊन दाबलं तशी ती कण्हली. जनावराचं कण्हणं माणसासारखंच असतं, ते ऐकायची सवय मला अजून झालेली नाही.

"तार गेली असणार पोटात," डॉक्टर म्हणाले. "पोटातून छातीकडे, काळजाकडे सरकते. नगरला नेऊन ऑपरेशन करता येतं. उशीर झालाय, पण नेऊन बघा."

"गाय काय तार खाती व्हय, डॉक्टर?" मालक म्हणाला.

डॉक्टरांनी समजावलं, की गाय वैरण नीट चावत नाही, आधी गिळते आणि मग निवांत रवंथ करते. वैरणीत खिळा असो की तार, सगळं आत जातं. मालकाला ते पटलं नाही. "माज्या दावनीला तार येनार कुठनं? मी सोता रोज हातानं वैरन टाकतो. आन् टेंपोत घातली तर वाटंतच जाईल ती." मग त्यानं कमरेच्या फडक्यात बांधून आणलेली भाकरी सोडली आणि तुकडा तिच्या तोंडापुढं धरला. तिनं हुंगला, घेतला नाही. रोज सकाळी आपल्या भाकरीतली पहिली चतकोर तो तिला घालायचा, हे मला नंतर कळलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात अरेरावी. दोन्ही खरं होतं.

आम्ही इंजेक्शनं दिली, पुढचे पाय उंचावर राहतील असा भराव टाकायला सांगितला. काम झालं की डॉक्टरांच्या हातावर पाणी घालायची आमच्याकडे सगळीकडे रीत आहे. घरातल्या बाईमाणसानं कोमट पाण्याची बादली, तांब्या, साबणाची वडी, धुतलेला टॉवेल घेऊन यायचं. मालकीणबाईंनी डॉक्टरांच्या हातावर पाणी घातलं. माझी पाळी आली तेव्हा तांब्या जमिनीवर ठेवला आणि चार पावलं मागं सरल्या. मी कुणाचा मुलगा ते त्यांना ठाऊक होतं. मला राग लवकर येतो, पण एका हातानं तांब्या धरून दुसरा हात धुताना राग दाखवायलासुद्धा हात मोकळा राहत नाही.

मंगळवारी डॉक्टरांचा हात गेला. म्हणजे तुटला नाही, पण दवाखान्यात जनावर उभं करायचा जो लोखंडी खोडा असतो त्यात एक म्हैस अशी काही वळली, की तिचं शिंग आणि पाइप यांच्यात त्यांचा उजवा तळवा सापडला. कातडी सोलून निघाली. त्यांनी म्हशीला ज्या शिव्या दिल्या त्या मी अजून जपून वापरतो. तळव्याला भलंमोठं बँडेज बांधून ते खुर्चीत बसले आणि उरलेला दिवस सगळी इंजेक्शनं मी दिली. लोक मला डॉक्टर म्हणायला लागले. ते ऐकायला इतकं गोड लागलं, की एका धडधाकट शेळीला मी दोनदा तपासलं.

त्याच दिवशी तिकडं मळ्यावर काय झालं ते मला संध्याकाळी काकीकडून कळलं. काकी म्हणजे माझी धाकटी चुलती. चुलता लवकर गेला. ती एकटी राहते, लोकांच्या रानात खुरपायला जाते आणि बांधावरचं गवत कापून दोन शेळ्या सांभाळते. त्या दिवशी ती याच मालकाच्या बांधावर गवत कापत होती. मालकानं हटकलं. काकीही काही कमी नाही. "येवढं गवत वर घिऊन जानार हाईस का?" असं तिनं विचारलं. भारा डोक्यावर घेऊन निघताना गोठ्यातली आजारी गाय दिसली, तशी तिनं भाऱ्यातली कोवळी मूठभर हराळी काढून तिच्यापुढं टाकली. "बघवंना मला तिच्याकडं," ती म्हणाली. मालकाच्या धाकट्या भावानं हे लांबून बघितलं.

बुधवारी गाय बसली ती उठलीच नाही. संध्याकाळी मालक वस्तीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला आणि ओरडायला लागला. "माज्या गाईला इख घातलं! पोरगा जित्याला इंजेक्शान देतो आन् चुलती इख घालती! गाय मेली तर पोलिसात देईन."

आमच्या वस्तीवर हा आरोप नवा नव्हता. जनावर मेलं की ते ओढणाऱ्यांनीच मारलं असेल, असं म्हणायची पद्धत जुन्या काळची. दादांच्या मानेची शीर मी फुगलेली बघितली.

काकी दारात आली. "मला इख घालायचं असतं तर गाईला कशाला वाया घालीन? आदी तुला घातलं नसतं का?" लोक हसले. मालक आणखी भडकला आणि पाय आपटत गेला.

हसणारे पांगले, आणि मग काकी आमच्या चुलीपाशी येऊन बसली. आईनं चहा दिला. तो तिनं न पिताच खाली ठेवला. "पोलीस न्हेत्यात का रं खरंच?" तिनं मला विचारलं. पोलिसांचं जाऊ दे, पण एकदा का बाईवर हे नाव पडलं की तिला कुणी बांधाला पाय लावू देत नाही. खुरपणीला बोलवत नाही. शेळ्याही विकाव्या लागतात. हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"गाय मेली तर पोट उघडून बघायचं," मी म्हणालो. "तार असली तर दिसेलच."

"डॉक्टर उघडत्याल," दादा म्हणाले.

"डॉक्टरांच्या तळहाताला जखम आहे. मेलेल्या जनावरात तो हात घालून चालत नाही. सगळं अंगात भिनेल त्यांच्या."

दादांनी खांद्यावर टॉवेल टाकला आणि बाहेर निघून गेले. काकी हळूच म्हणाली, "नगं बाबा. माज्यापायी बापाचा सबुद मोडू नगंस." मला त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि आईनं मुद्दाम शेंगोळे केले होते.

गुरुवारी दवाखान्यात पोचलो तर मळ्यावरून निरोप आलेला होता, पहाटे गाय गेली. डॉक्टरांनी आधी तिच्या कानातलं थेंबभर रक्त काचेवर मागवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. काही रोगांनी मेलेलं जनावर उघडायचंच नसतं, नाहीतर रोग साऱ्या गावात पसरतो. तसलं काही नव्हतं. त्यांनी बँडेजकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"करशील? मी शेजारी उभा राहतो."

त्यांना काकीवरचा आरोप ठाऊक होता. दादांची अट ठाऊक नव्हती. मी हो म्हणालो. पहिल्या होला माझं काही गेलं नव्हतं, या होला दादांना दिलेला शब्द जाणार होता.

मळ्यावर अर्धं गाव जमलेलं. गाय गोठ्यापुढं पडलेली होती. तिच्यासाठी खड्डा ओढ्यापलीकडच्या मुरमाड जागेत खणला होता आणि उघडायचीही तिथंच होती. तिथवर न्यायला ट्रॅक्टर आणलेला. मालकाचा धाकटा भाऊ ट्रॅक्टरवरून उतरला, जाड दोराची गुंडाळी सोडली आणि त्याचं टोक माझ्याकडे फेकलं.

"घे. बांध पायाला."

दोर माझ्या गमबुटांवर येऊन पडला.

त्यानं मुद्दाम केलं असं मला तेव्हा वाटलं. कानशिलं तापली. आज इतक्या वर्षांनी वाटतं, समोर गमबूट घातलेला जो कुणी उभा होता त्याच्याकडे त्यानं दोर फेकला, इतकंच असेल. किंवा हातालाच जुनी सवय असेल, त्याच्या मनाला न विचारता काम करणारी. पण आजूबाजूच्या म्हाताऱ्यांना मात्र लगेच कळलं. सगळे त्या दोराकडे बघत होते.

मान वर केली तर बांधापलीकडे बाभळीखाली दादा उभे दिसले. शेजारी काकी, पदर तोंडाला लावून. दादा मला थांबवायला आलेत, अशी माझी खात्री झाली.

मी वाकलो नाही. पायानंच दोर बाजूला सारला आणि म्हणालो, "दोर तुमी बांधा. सुरी मी धरतो."

आवाज माझा मलाच परका वाटला. डॉक्टर खाकरले आणि म्हणाले, "बरोबर आहे. मालकाच्या माणसांनी आणायची असते तिथवर. चला, आटपा, ऊन चढतंय."

धाकट्या भावानं दोर उचलला. त्याला बांधता येईना. ट्रॅक्टर हलला की गाठ सुटायची. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. मालकच मग पुढं आला आणि दोघा भावांनी मिळून कशीबशी गाठ मारली. दादा सगळं बघत होते. लहानपणी बापाच्या मागं मागं फिरलेल्या माणसाला ती गाठ येत नसेल असं होणार नाही. पण त्यांचे हात पाठीमागं होते आणि ते तिथंच राहिले.

मुरमावर गाय आणल्यावर मालकाला नवीनच शंका आली. "हा उघडनार? ह्येचीच चुलती हाय ती. हा खिशातनं तार काढून दावील."

डॉक्टर चिडले. मी चिडलो नाही, आणि याचं मला अजून नवल वाटतं. कारण त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो.

"मालक, मी नुसतं उघडून देतो," मी म्हणालो. "आत हात तुमी घाला."

गर्दीत खळबळ झाली. मेलेल्या जनावराच्या आत हात! त्याच्या घराण्यात कुणी असलं काही केलं नव्हतं. मालक गाईकडे बघत राहिला. तिच्या डोळ्यावर माशी बसली होती, ती त्यानं हातानं उडवली. मग सदऱ्याची बाही वर सारायला लागला.

मी दादांकडे एकदा बघितलं. त्यांनी मान हलवली नाही. हो नाही आणि नाहीही नाही. मी सुरी लावली.

कॉलेजात मी कितीतरी जनावरं उघडली होती, पण ती कुणाचीच नव्हती. ही ओळखीची होती. सोमवारी तिनं माझ्या हाताला नाक लावलं होतं. सुरी चालत होती आणि मला वाईट वाटत होतं, साधं, सरळ वाईट. बरगड्या बाजूला केल्या तसा वास सुटला आणि लोकांनी नाकाला टोप्या, पदर लावले. काळजावरची पिशवी भाकरीएवढी जाड झालेली, फुगून तट्ट, आणि खाली पोटाला चिकटून बसलेली. मी तिला छेद दिला, पू वाहून जाऊ दिला आणि मागं सरलो. दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे वर धरले.

"हाताला कुठं कापलेलं नाही ना?" डॉक्टरांनी मालकाला विचारलं. मालकानं मान हलवली आणि गुडघ्यावर बसून हात आत घातला.

तो चाचपत राहिला. त्याचं तोंड कसनुसं झालेलं. मग एकदम थांबला. बोटांना काहीतरी लागलं होतं. ते सहज येईना. त्यानं दात ओठावर रोवून ओढलं आणि हात बाहेर काढला. बोटभर लांब, काळी पडलेली तार. एका टोकाला पीळ, दुसरं टोक सुईसारखं.

त्यानं ती धोतराला पुसली आणि उन्हात धरली. तो पीळ सगळ्यांनी ओळखला, कारण गावात तेव्हा घरोघर बांधकामं चालली होती. स्लॅबच्या गजांना मारतात ती गाठीची तार. मालकानं मान वळवून नव्या घराकडे बघितलं. गज तिथं बांधले होते आणि कडब्याची गंजही तिथंच, भिंतीला लागून रचलेली होती.

"माज्याच घराची," तो म्हणाला. "मीच टाकली तिच्यापुडं. रोज माज्या हातानं."

तो तिथंच मातीत बसला. त्या माणसानं आदल्या संध्याकाळी माझ्या काकीला काय काय म्हटलं होतं ते सगळं मला आठवत होतं, आणि तरीही मला त्याच्यावर रागावता येईना. बांधापलीकडून काकीचा रडका आवाज आला, "लई गुनाची हुती बघा गाय."

मालकीणबाई बादली, तांब्या, साबण घेऊन आल्या होत्या. पण माझे हात आणि नवऱ्याचे हात बघून तिथंच खिळल्या. जित्या जनावराला शिवलेल्या हातांवर पाणी घालायची रीत त्यांना माहीत होती. या हातांची रीत त्यांना कुणी शिकवलेलीच नव्हती.

दादा बांध ओलांडून आले. या मळ्यात ते रोजगाराशिवाय कधी पाय टाकत नाहीत. लोक बाजूला झाले. त्यांनी बादलीतून तांब्या भरून घेतला आणि माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

"हात पुडं कर."

मी केले. त्यांनी धार धरली. "साबन लाव. नखात बघ. कोपरापतुर धू." लहानपणी शाळेत जाताना म्हणायचे अगदी तसं. पाणी तांबडं व्हायचं थांबेपर्यंत ते घालत राहिले. मग त्यांनी पुन्हा तांब्या भरला आणि मालकाकडे बघितलं. तो तसाच बसला होता, भरलेला हात अंगापासून लांब धरून, तो हात आपला नाहीच असा.

"मालक, उटा. हात धुवा."

मालक उठला. दादांनी त्याच्याही हातावर पाणी घातलं, तितकंच सावकाश. तो खाली मान घालूनच म्हणाला, "तुमच्या भावजयीला सांगा, गवताला येत जा म्हनावं."

"ती ही काय, हितं हुबी हाय," दादा म्हणाले. "तिलाच सांगा."

मालकानं तिला सांगितलं. जमिनीकडे बघत सांगितलं, पण साऱ्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं. "आन् काल बोलल्यालं डोक्यात ठिवू नगा," एवढंही पुढं जोडलं. मालकीणबाईंनी टॉवेल माझ्या हातात दिला.

घरी जाताना आम्ही तिघं पाटाच्या कडेनं चाललो. काकी पुढं, तिची तोंडाची टकळी पुन्हा सुरू झालेली. मी दादांच्या बोलण्याची वाट बघत होतो. शेवटी मीच म्हणालो, "दादा, तुमची अट मोडली मी."

"दोर धरलास का?"

"न्हाई."

"मग?"

एवढंच. पुढं ते शेळ्यांच्या पाल्याबद्दल बोलायला लागले.

शुक्रवारी घोडेगावच्या बाजाराला दादा माझ्याबरोबर आले. डॉक्टरांनी मला जनावरांना लस टोचायच्या कामाला लावलं होतं. दादा उगाचच तिथं घुटमळत राहिले आणि कुणी विचारलं नसताना दोघातिघांना सांगून टाकलं, की पाठीला चिमटा घेतल्यावर गाय कण्हली तर तिच्या पोटात तार असती. मी भजी घेऊन आलो तर एका व्यापाऱ्याच्या म्हशीला ते स्वतःच चिमटा घेऊन बघत होते. व्यापारी भडकला होता. मी त्यांना दंड धरून बाजूला आणलं.

शनिवारी मी परभणीला निघालो. दादा पिशवी घेऊन फाट्यापर्यंत आले. शिंगणापूरला जाणाऱ्या भाविकांच्या जीपगाड्या धूळ उडवत चालल्या होत्या आणि एसटीचा पत्ता नव्हता. आम्ही लिंबाखाली उभे होतो. बराच वेळ गेल्यावर, रस्त्याकडे बघतच ते बोलायला लागले.

"आमचा म्हातारा जनावर वढून आला का घराकडं यायचा न्हाई. आदी वढ्याला जायचा. वाळूनं हात घासायचा. कातडी निघस्तवर घासायचा. त्याच्या हातावर पानी घालायला कोन येनार? मी ल्हान हुतो. तांब्या घिऊन जायचो मागं मागं. त्यो म्हनायचा, लांब हो, तू हिकडं यिऊ नगंस. मग मी तांब्या तसाच भरल्याला घिऊन घरी यायचो."

लांब वळणावर एसटी दिसली. दादांनी पिशवी उचलून माझ्या हातात दिली.

"परवा घातलं बघ पानी," ते म्हणाले.